तोंडभर अत्तर
विल्मरची होडी तीन दिवस बेपत्ता होती. त्याची म्हातारी आई दोमितिला सांता रोसाच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभी होती. वैदूनं बजावलं होतं, पोराला हाक मारायची, तोंडभर अत्तर घेऊन धुक्यासारखं समुद्रावर फवारायचं, मग त्याचं नशीब वास काढत माघारी येतं. पण तिचे पुढचे दात पडलेले. अत्तर नुसतं हनुवटीवरून ओघळत होतं. "सासूबाई, फवारताय की पिताय?" सून येसेनिया मागून खेकसली. "असल्या थोतांडानं माणूस येतो होय?" "मग कशानं येतो, ते तू सांग!" शोधायला गेलेल्या होड्या सकाळीच रिकाम्या परतल्या होत्या. म्हातारीनं पुन्हा घोट घेतला, पुन्हा ओघळला. बाटलीत बोटभर उरलं. सुनेनं ती हिसकावली. "आणा इकडं!" "तुझा विश्वास नाही ना?" "नाही. पण दात आहेत. तुम्ही हाक मारा, जोरात!"