निरोपाचा तास

टॉनियाची नशा सुटेना, म्हणून न्यायाधीशांनी तिचा मुलीवरचा हक्क कायमचा काढून घेतला आणि निरोपासाठी एक तास दिला. अशा भेटीत कोपऱ्यात बसून पहारा द्यायचा, याचाच मला पगार मिळतो. आमच्या ओहायोत नियम कडक आहे: 'पुन्हा भेटू' असलं कुठलंही वचन मुलाला द्यायचं नाही.

सहा वर्षांची मॅकेना आईच्या मांडीवर बसून कपकेकवरचं क्रीम चाटत होती. टॉनिया तिच्या कानाशी वाकली.

"तुला किती वेळा सांगितलं होतं? डोस जास्त होऊन मी उठले नाही तर लायब्ररीत फुकट मिळतो तो नशा उतरवणारा स्प्रे माझ्या नाकात मारायचा. अँब्युलन्सला फोन करायचा नाही. केलास ना? कोर्टात त्या फोनचं रेकॉर्डिंग लावून तुझाच आवाज ऐकवला सगळ्यांना."

"टॉनिया, पुरे," मी म्हणाले.

"का पुरे? हिच्यामुळेच झालंय हे."

मॅकेनाने कपकेक खाली ठेवला. "दोन्ही स्प्रे मारले होते गं मम्मी. तरी तू निळीच होतीस."

तास संपला. बाहेर नवे आईबाप गाडी सुरू ठेवून थांबले होते. मी मॅकेनाच्या जॅकेटची चेन लावत होते, तेवढ्यात ती माझ्या हातांतून निसटून मागे पळाली आणि आईच्या गळ्यात पडली.

"सॉरी मम्मी. पुढच्या वेळी नाही करणार फोन. प्रॉमिस."