बोरन्हाणाचं टोपलं

राखीनं सासूच्या हातातलं टोपलं हिसकावलं, तेव्हा ओसरीवर जमलेल्या बायांच्या माना एकदम वळल्या.

"एक दाना माया लेकराच्या अंगावर पडला नाई पाह्यजे," राखी म्हणाली. "तुमाले कितीक डाव सांगतलं, आत्याबाई."

पाटावर दहा महिन्यांचा विरू बसला होता. काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार, हातात हलव्याच्या बांगड्या. पहिली संक्रांत, पहिलंच बोरन्हाण. ते दागिने राखीनं चार दुपारी खपून स्वतः ओवले होते आणि सकाळीच त्यांचे फोटो रिसोडला माहेरी पाठवले होते. आता आजीनं टोपल्यातला खाऊ नातवाच्या डोक्यावरून ओतायचा आणि गल्लीतल्या पोरांनी तो लुटायचा, एवढंच उरलं होतं.

राखीचा राग आजचा नव्हता. महिन्याभरापूर्वी सासूनं, कस्तुराबाईनं, विरूच्या मुठीत फुटाणा दिला होता आणि राखीनं तो ओढून काढला होता. त्याच आठवड्यात अनसिंगच्या अंगणवाडीत ताईंनी सगळ्या आयांना बसवून समजावलं. शेंगदाणे, फुटाणे, बोरं, अख्खी द्राक्षं लहान लेकराला द्यायची नाहीत, घशात अडकतात. उकडलेलं गाजर द्या, रताळं द्या, पिकलेलं केळं द्या, बोटाएवढे लांब तुकडे करून. आणि देण्याआधी दोन बोटांत दाबून बघा. चिरडलं तर द्या, नाहीतर राहू द्या.

राखीनं हे व्रतासारखं धरलं. घरात येईल ती वस्तू ती चिमटीत दाबून बघायची. शेजारची भागिरथा हसायची. नवरा राजू हसायचा. कस्तुराबाई हसायची नाही. "माये चार लेकरं फुटान्यावरच मोठे झाले," एवढंच म्हणायची आणि तोंड फिरवायची. ते वाक्य ऐकलं की राखीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

काल तर सासूनं बाजारातून बोरं आणि फुटाणे आणले, तेही राखीच्या डोळ्यांदेखत. "आईले सांगतो मी," राजू म्हणाला आणि नेहमीसारखा न सांगताच शेतात निघून गेला. आज टोपल्यावर फडकं झाकलेलं पाहिलं आणि राखीला वाटलं, म्हातारी चोरून करतेय. चार बायांसमोर सून तोंड उघडणार नाही, असं धरून चालली आहे.

"टोपलं दे इकडे," कस्तुराबाई म्हणाली. तिचाही आवाज चढला होता. "लोकाईसमोर तमाशा नोको करू."

"तमाशा तुमी केला. लेकराच्या नरड्यात काई अडकलं तं जिम्मेदार कोन?"

आणि राखीनं सगळं टोपलं अंगणात उपडं केलं.

आवाजच झाला नाही. फुटाणे उडाले नाहीत, शेंगदाणे घरंगळले नाहीत. मातीत पडली ती उकडलेल्या गाजराची आणि रताळ्याची लांब लांब बोटं, आणि बिया काढून शिजवलेली बोरं. एक तुकडा राखीच्या पायाखाली आला आणि लगेच चिरडला.

"सकाळपासून माया घरी चुलीपुढं बसली होती म्हातारी," भागिरथा हळूच म्हणाली. "फुटाने मोठ्या पोराईसाठी आत ठेवले हायेत."

राखीला ओशाळं वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण आपली चूक आपल्याच पायाशी पडलेली दिसली की माणूस आणखी भडकतो.

"मंग आदी काहून नाई सांगतलं?"

"तू पुसलं काय? महिना झाला, तू मायाशी भांडूनच राह्यली. मी बी गेलती अंगणवाडीत त्या ताईकडे. समदं आयकून आली. अडकलं तं काय करा लागते, तेबी शिकून आली."

"मंग माये चार लेकरं, माये चार लेकरं, हे कायले आयकवत होत्या मले?"

बायांत आता दोन तट पडले. कोणी म्हातारीची बाजू घेतली, कोणी सुनेची, आणि जुनी उणीदुणी निघाली. विरू आपला पाटावर बसून हात चोखत होता. निदान तो तरी शांत होता.

त्याच्याकडे पहिल्यांदा भागिरथाचं लक्ष गेलं. तिनं नुसतं बोट दाखवलं.

विरू रडत नव्हता. खोकतही नव्हता. तोंड उघडं होतं, ओठ निळे पडत होते आणि आवाज येत नव्हता.

कस्तुराबाईनं हातातलं भांडण तिथंच टाकलं. नातवाला उचललं, हातावर पालथं घेतलं, डोकं खाली केलं आणि तळव्यानं दोन खांद्यांच्या मधोमध थापा मारल्या. एक. दोन. तीन. चौथ्या थापेला काहीतरी पाटावर टणकन पडलं. मग विरूनं असा टाहो फोडला की ओसरीवरच्या दोघीतिघींना रडू आलं.

म्हातारीनं लेकरू आईच्या कुशीत दिलं. त्याच्या मनगटावर ओला दोरा लोंबत होता. कस्तुराबाई वाकली आणि तिनं पाटावरचा तो पांढरा, काटेरी, साखरेचा दाणा उचलला.

तिनं तो हलव्याचा दाणा राखीच्या दोन बोटांत ठेवला.

"आता हे दाबून पाह्य," ती म्हणाली.