झिपऱ्या

"पंखा लावू नका हो आई! केस उडतात."

कृष्णाबाईंचा हात बटणावरच थांबला. चारकोपच्या त्या खोलीत मे महिन्याचा उकाडा, आणि सूनबाईंना केसांची पडलेली. दिपाली आरशासमोर गोल ब्रश घेऊन ड्रायर चालवत होती. कालच कापलेली कपाळावरची फ्रिंज काही केल्या ऐकत नव्हती. बटा घामाने चिकटायच्या, मधोमध फाकायच्या. की ही पुन्हा पाणी लावून त्या ब्रशवर गुंडाळायची, वरून फस्सकन स्प्रे मारायची.

कृष्णाबाईंचं डोकं फिरलं. परेशला जाऊन वर्षही झालं नव्हतं. आज मुलुंडला त्यांच्या पुतण्याचा साखरपुडा. तिथल्या बायका टपलेल्याच असणार, विधवा सून काय नेसली, कशी हसली ते बघायला. आणि ही महाराणी झिपऱ्या कापून निघाली होती!

"माझा पोरगा गेला आणि तुला फॅशन सुचते? लाज नाही वाटत?" कपाळापर्यंत आलेला पदर आणखी पुढे ओढत त्या कडाडल्या.

"फॅशन नाहीये ही," दिपालीही फणकारली. "तुम्हाला नाही कळणार."

झालं. कृष्णाबाईंनी बटण खाडकन दाबलं आणि पंखा फुल्ल केला. दिपालीने दोन्ही तळवे कपाळावर दाबून धरले. कृष्णाबाईंनी ते खेचून काढले. सकाळपासूनची सगळी मेहनत वाऱ्यावर गेली, बटा उडाल्या आणि त्यांच्याखाली मरून टिकली दिसली. एवढीशीच. तिची अशीच टिकली परेशच्या मयतीला मुलुंडच्या बायकांनी नखाने खरवडून काढली होती.

"नाही काढणार मी," दिपाली ओरडली. रडू आणि राग एकदमच फुटला. "लग्नाच्या आधीपासून लावतेय. लहानपणापासून!"

कृष्णाबाईंनी तिचे हात सोडले. राग उतरला नव्हता. त्याचं तोंड फक्त मुलुंडकडे वळलं होतं.

"परेशचे वडील गेले तेव्हा माझीही अशीच काढली, मी हा पदर पुढे ओढला," त्या म्हणाल्या, "तो आजपर्यंत ओढलेलाच."

त्यांनी अंबाड्यातला आकडा उपसला, दिपालीच्या बटा मागे ओढून घट्ट खोचल्या. मग डोक्यावरचा पदर खांद्यावर टाकला.

"चल आता. आणि तिथे त्या झिपऱ्या पुढे आणल्यास तर याद राख."