कुंकवाची रेघ

आयुधपूजेसाठी चंदनानं आईला चामराजपेटच्या घरून मुद्दाम वर्कशॉपमध्ये आणलं होतं. लेझर मशीनपुढच्या पाटावर टायटॅनियमचं एक पातं ठेवलं होतं. विमानाच्या इंजिनात ते झिजू नये म्हणून चंदनानं त्यावर लेझरनं दुसऱ्या धातूचा थर चढवला होता. पूजा झाली की ते रवाना होणार होतं. “माझ्या लेकीनं केलंय,” असं शेजारच्या बाईंना सांगत आईनं पात्याला तेलात कालवलेलं कुंकू लावलं. आरती झाली. वर्कशॉपचे प्रमुख कृष्णमूर्ती सर म्हणाले, “सरी, ठीक आहे, आता पुसून पॅक करा.” चंदनानं फडकं फिरवलं. सगळं कुंकू निघालं, फक्त केसाएवढी एक लाल रेघ राहिली. तिनं पुन्हा पुसलं. रेघ तशीच. थराला तडा गेलाय का हे बघायला वर्कशॉपमध्येही असंच करतात: लाल रंग लावायचा, पुसायचा आणि कुठे रेघ उरते ते पाहायचं. काल सुट्टीच्या घाईत तिनं ती तपासणी न करताच सरांना ‘झाली’ म्हणून सांगितलं होतं. तिचे कान तापले. आईला त्यातलं काही कळत नव्हतं, पण लेकीचा चेहरा कळला. तिनं शेवंतीचं एक फूल त्या रेघेवर ठेवलं. चंदनाच्या लहानपणी फ्रॉकवरचा डाग पदरानं झाकायची, अगदी तसं. बाहेर दृष्ट काढायचा कोहळा फुटला, सगळे तिकडे वळले. “अक्का, खोका आणू?” पॅकिंगवाल्यानं विचारलं. चंदनानं फूल उचललं. “आधी सरांना बोलवा,” ती म्हणाली. आईकडे मात्र तिला बघवेना.