भिंतीवरच्या रेघा

दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर किती ताण आहे हे क्षणाक्षणाला रंगीत रेघांनी दाखवणारा प्रोग्राम सिद्धेश्वरीनं लिहिला होता. भिंतीवरच्या स्क्रीनवर त्या रेघा बघायला अप्पा अक्कलकोटहून आले होते, लेकीच्या सत्काराला बगलेत सोलापुरी चादर घेऊन. नेमका आजच कॉम्प्युटर रखडला, केसपेपरची रांग फाटकापर्यंत गेली. दवाखान्याचे साहेब तिच्यावर वैतागले, “बंद करून चालू कर!” पण अर्धवट भरलेल्या नोंदी उडाल्या असत्या. मशीनची ताकद कोण खातंय ते तपासताच तिचा चेहरा उतरला. सतत मोजत बसलेला तिचाच प्रोग्राम सगळं खात होता. अप्पांकडं न बघता तिनं तो बंद केला. स्क्रीन काळी झाली, खिडकीवर भराभर नावं पुकारली जाऊ लागली. “अप्पा, दाखवायला काहीच उरलं नाही.” सरकणाऱ्या रांगेकडं बघत अप्पांनी चादर तिच्या खांद्यावर टाकली. “दिसतंय की. लई झकास दिसतंय.”