चार बोटं

इंज्युरी टाइममधला गोल कॅमेऱ्यात बघून रद्द झाला, तसे रिटायर सुभेदार नाथाजी टीव्हीवर खेकसले, “रेफ्रीनं दिलता न्हवं गोल? मग आता रेघा मारून मापं कसली काढताय? पाय चार बोटं फुडं गेला, तर एवढं काय बिघडलं?”

भिंतीपलीकडं धाकटा भाऊ जयराज त्याच रेफ्रीला शिव्या घालत होता. दोघा भावांचं बोलणं वर्षभर बंद होतं.

शालूबाईंनी नवऱ्यापुढं चहा आदळला. “आवं, मग उद्या तुमा दोघांच्या बांधाची मोजणी करायला येणाऱ्यांस्नी नको म्हणून सांगू? तिसऱ्यांदा यायल्यात, चार बोटांसाठीच.”

“बांधाचं निराळं हाय,” नाथाजी गरजले.

भिंतीपलीकडच्या शिव्या थांबल्या.

“व्हय वहिनी,” जयराज म्हणाला, “दादाचं बराबर हाय. बांधाचं निराळं हाय.”