मात्सू म्हणजे वाट पाहणं

पाहुणीनं कुंचल्यानं 'त्सू' अक्षराचं शेपूट झोपलेल्या मांजरासारखं आत वळवलं, आणि शाई उगाळणारा तानबे आजींचा हात थांबला.

असं शेपूट जगात एकच माणूस काढायचा. त्यांचा नवरा, कानेसुके. शाईच्या कांड्या पाठीवर घेऊन तो गावोगाव हिंडायचा. आजींचे केस काळेभोर होते तेव्हा एका सकाळी त्यानं चहाच्या खोलीतल्या कोनाड्यात आपल्या हातचा एक पट टांगला आणि फिरतीवर गेला, तो गेलाच. पटावर दोन अक्षरं. मात्सू. तोंडानं काही बोलला नाही. आमच्याकडे नवरे बोलत नाहीत, बायकांनी समजून घ्यायचं असतं.

मात्सू म्हणजे पाइनचं झाड, आणि मात्सू म्हणजे वाट पाहणं. अक्षरं तीच. पाहुणे झाड वाचत. आजी आज्ञा वाचत.

त्यांनी वाट अशी पाहिली, की आमच्या उजी गावच्या पुलाखालची नदीसुद्धा ओशाळून हळू वाहू लागली. लोक सांगतात बुवा. खोटं असलं तर लोकांचं खोटं.

सोयाबीनचा मिसो विकणारा इवाओ दर नववर्षाला लग्नाचं विचारायचा. आज सकाळी तो अवेळीच उगवला, हातात पेटी घेऊन.

"तानबेसान, मुलगा ओसाकाला बोलावतोय. दुपारच्या गाडीनं चाललो. शेवटचं विचारतो, थांबू?"

आजींनी नेहमीसारखं कोनाड्याकडे बोट दाखवलं.

"त्या झाडापुढे माझ्या मिसोचं काय चालणार!" असं म्हणून त्यानं पेटी उचलली. आजी दारापर्यंतही गेल्या नाहीत.

आणि आता ही पाहुणी. कुमानोच्या किनाऱ्यावरून बसनं आलेल्या बायकांतली सगळ्यात म्हातारी. आजींकडची रीत ठरलेली: पुढच्या खोलीत कुंचल्यानं एक शब्द लिहायचा, मग आत जाऊन चहा प्यायचा. बाकीच्यांनी 'चंद्र', 'शांती' असलं काहीबाही लिहिलं होतं. हिनं लिहिलं, मात्सू.

"हे शेपूट कुणी शिकवलं तुम्हाला?" आजींनी विचारलं.

"मला कुठलं लिहायला येतंय, तानबेसान! समुद्राकाठची बाई मी. आपलं नाव तेवढं लिहिते. शाळेत हे फराटे, ते फराटे, डोक्यात काही शिरलंच नाही."

"नाव?"

"मात्सू. बापानं हौसेनं ठेवलं, झाडाचं."

"झाड कसलं, ओंडका!" शेजारची बाई म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या.

आजीही हसल्या. शाईवाले पुष्कळ, शेपटंही पुष्कळ असतील, असं मनाशी म्हणत आत जाऊन त्यांनी आधण पाहिलं.

बायका गुडघ्यांवर रांगत बुटक्या दारातून आत आल्या. आधी पटाला नमस्कार, मग बसायचं. एकीनं केला, दुसरीनं केला. मात्सू पटापुढे आली आणि ताठ बसून राहिली.

"अगं बाई! ही तर मी!"

"कोनाड्यापुढे ओरडतात का असं?" ओंडका म्हणणारीनं तिला चिमटा काढला.

"अगं, माझ्यासमोर लिहिलंय हे! आमच्या खानावळीत उतरायचा तो शाईवाला. त्यानंच हात धरून मला नाव शिकवलं, मग स्वतः हे लिहिलं. म्हणाला, वाटेत तू जवळ राहशील." ती आजींकडे वळली. "तुमच्याकडे कसं आलं? विकलं का मेल्यानं?"

"माझ्या नवऱ्यानं टांगलं," आजी म्हणाल्या.



"त्याला बायको होती?" मात्सूनं हळूच विचारलं.

 आजी चहा घुसळू लागल्या. रोज पहाटे त्या पटाखाली त्यांनी ताजं फूल ठेवलं होतं. आल्या-गेल्या प्रत्येकाला त्यापुढे वाकायला लावलं होतं. स्वतः वाकल्या होत्या. दुसऱ्या बाईच्या नावापुढे! आणि आज सकाळी त्याच नावाकडे बोट दाखवून एका भल्या माणसाला वाटेला लावलं होतं. दुपारची गाडी केव्हाच सुटली होती.

वाडग्याची देखणी बाजू पाहुण्याकडे करून चहा द्यायचा, ही रीत. आजींनी वाडगा उचलला, हातावर फिरवला, आणि मात्सूपुढे पाठमोरा ठेवला.

सगळ्यांनी पाहिलं. कुणी चिमटा काढला नाही. मात्सूनंही पाहिलं. दोन्ही हातांनी वाडगा उचलून तिनं मुकाट्यानं चहा प्यायला.

"मग?" आजींनी विचारलं. "संसार तरी सुखाचा झाला ना तुमचा?"

"कुठला संसार, तानबेसान! माझ्याकडूनही तो गेला तो गेलाच." मात्सूनं ओठ पुसले. "जाताना माझ्या घरीही असाच एक पट टांगून गेला. तोंडानं अक्षर नाही. शेजारणींनी वाचून सांगितलं, शेवंतीच्या फुलाचं नाव आहे, भिंतीला शोभतं. पण मी बरोबर ओळखलं, मला सांगून गेलाय तो. तेव्हापासून रोज संध्याकाळी दार उघडं टाकून बसते. लाटांचा आवाज बाजूला सारते आणि पावलं वाजतात का ते बघते. चांगली चांगली स्थळं आली होती मला. हात जोडले सगळ्यांना."

"काय लिहिलंय त्यावर?"

"किकू," मात्सू म्हणाली. "म्हणजे, ऐकत राहा."

तानबे आजींना अख्खं उजी आडनावानंच ओळखतं. पाळण्यातल्या नावानं, किकू म्हणून, त्यांना हाक मारणारा एकच माणूस होता.